विंचवाचं बिऱ्हाड

पांढऱ्या दारावरची लाल पट्टी वसईच्या हवेत फार टिकत नाही. आधी तिच्या कडा सुटतात, मग सुटलेल्या कडांखाली धूळ बसते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत लालभडक रंगाचा विटकरी होऊन जातो. समुद्र जवळ असला की लोखंडाला गंज आणि रंगाला उतार हे ठरलेलंच. माझ्या गाडीची पट्टी मी पापडीकडच्या एका स्टिकरवाल्याकडून नव्याने लावून घेतली. त्याच मापाची, त्याच लाल रंगाची. त्याने आधी काळ्या पट्ट्यांचे नमुने दाखवले, मग कार्बन फायबरसारखा दिसणारा कागद दाखवला, छप्परही काळं करून देतो म्हणाला. मी नको म्हटल्यावर मात्र त्याने काम मन लावून केलं. हेअर ड्रायरने जुनी पट्टी गरम करून तो ती नखाने अलगद सोलत होता आणि खालून गाडीचा मूळ पांढरा रंग बाहेर येत होता. आजूबाजूचा पांढरा आणि तो पांढरा यांत चांगलाच फरक होता. कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी कशी दिसत असेल, ते बोटभर रुंदीच्या त्या जागेत दिसलं. मग नवी पट्टी आली आणि ते पुन्हा झाकलं गेलं.

गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. फियाटने ती ऑक्टोबर २०१५मध्ये भारतात आणली. दिल्लीतली शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि शून्यापासून शंभरपर्यंत ८.८ सेकंदांत पोचण्याचा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत एवढा दम त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही हॅचबॅकमध्ये नव्हता. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय तेव्हाच्या शौकिनांची लाडकी, तीही १०५ अश्वशक्तीची. या दोन्ही गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. पोलो चाकणची, आणि पुंटो रांजणगावची. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावात इटलीचा हा विंचू तयार झाला, याचं मला अप्रूप आहे.

विंचू हे अबार्थचं चिन्ह. कार्लो अबार्थ १९०८च्या नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात जन्मले. त्यांची रास वृश्चिक, म्हणून १९४९मध्ये कंपनी काढली तेव्हा ढालीवर विंचू बसवला. त्यांचा धंदा उभा राहिला सायलेन्सरवर. युद्धानंतरच्या इटलीत कारकून, दुकानदार, मास्तर ज्या छोट्या फियाट चालवत, त्यांना बसतील असे सायलेन्सर ते विकत. १९६३मध्ये त्यांनी फियाट ५००साठी एक लाकडी पेटी काढली. तिच्यात इंजिनाचे सुटे भाग असत; पेटी गॅरेजमध्ये न्यायची, भाग बदलून घ्यायचे आणि सोमवारी त्याच गाडीने कामाला जायचं. १९७१मध्ये फियाटने ही कंपनी विकत घेतली. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ती पेटी. शर्यतीची वेगळी गाडी ज्याला परवडत नाही, त्याच्या रोजच्या गाडीतच थोडी जान भरायची, हा त्यामागचा विचार मला श्रीमंतांच्या मोटारींच्या सगळ्या इतिहासाहून मोठा वाटतो.

जर्मनीतही असंच घडलं. १९७६मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय काढली, तेव्हा पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ असा अंदाज होता. त्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या. तिची आतली सजावट गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी केली. त्याआधी त्या पोर्सिलेनवर चित्रं काढत, चॉकलेटच्या डब्यांची डिझाइनं करत. त्यांनी सीटला चौकड्यांचं कापड दिलं आणि गिअरच्या दांडीवर गोल्फचा चेंडू बसवला. बाहेर, पुढच्या जाळीभोवती एक बारीक लाल रेघ होती. बस्स. आज जगभरच्या वेगवान हॅचबॅक गाड्यांवर कुठे ना कुठे जी लाल रेघ दिसते, ती तिथून आली. माझ्या दारावरची पट्टीसुद्धा त्याच घराण्यातली.

आमच्या पिढीला फियाट नाव नवीन नव्हतंच. मुंबई आणि आसपासच्या माणसाला कितीतरी वर्षं मोटार म्हणजे फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या या फियाट, म्हणजे पद्मिनी, टॅक्सी बनून अख्ख्या शहरात फिरल्या. त्यांच्या छताला आतून लावलेली फुलाफुलांची कापडं, डॅशबोर्डवरचा देव, दरवाजाच्या काचेला चिकटवलेली अक्षरं हे सगळं मला अजून स्पष्ट आठवतं. त्या टॅक्सीवाल्यांना कोणी सजावट शिकवली नव्हती. ज्या गाडीत दिवसाचे बारा तास काढायचे, ती आपली वाटली पाहिजे, एवढंच त्यांना माहीत होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

आता वसईचा रस्ता. मी कामाला ठाण्याला जातो. वसई फाट्याला महामार्गाला लागायचं, वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडायचा, घोडबंदर रस्ता धरायचा आणि गायमुखच्या घाटात पुढच्या टँकरच्या मागे उभं राहायचं. १४५ अश्वशक्ती तिथे काय कामाची, असं मला अनेकांनी विचारलं आहे. क्लच जड, स्टिअरिंग हायड्रॉलिक म्हणून तेही जड, आणि पेट्रोल शहरात सढळ हाताने लागतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सकाळी किल्ली फिरवून खाली बसलेल्या सीटवर पाठ टेकली की दिवस आपल्या बाजूने सुरू होतो. हे ज्याला कळलं त्याला समजावावं लागत नाही.

टर्बोचं काम तसं साधं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. पण धुराला जोर यायचा तर इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास हवं. निर्मळ, गिरीज, सांडोरच्या आतल्या रस्त्यांवर इंजिन तिथपर्यंत जात नाही आणि जाऊही नये. एका बाजूला वाडीची भिंत, दुसऱ्या बाजूला बावखलाचं तळं, समोरून भाजीचा टेम्पो, वळणावर सायकलवरचं पोर. तिथे दुसरा गिअर, हलका पाय, काच खाली. टर्बो गप्प असतो आणि ही गाडी कुठल्याही साध्या गाडीसारखी चालते. मला तिचा हा स्वभाव फार प्रिय आहे. ताकद सतत दाखवावी लागत नाही. ती बुडाखाली आहे याची जाणीव पुरते. महामार्गावर लांबलचक ट्रेलरला ओलांडताना पाय दाबला की ती लगेच जागी होते, आणि धोक्याच्या पट्ट्यात आपण मोजून काही क्षणच राहतो. रोजच्या गाडीत ताकदीचा एवढा एक उपयोग मला नेहमी पटतो.

दुसरा उपयोग रविवारी पहाटेचा. शिरसाड फाट्यावरून पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरीकडे रस्ता जातो. तुंगारेश्वरच्या डोंगरामागून वळणं घेत. तिथे वेग लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, चाक सरळ होताना पाय हळूहळू दाबायचा, टर्बोचा बारीक सुस्कारा ऐकायचा आणि तिसरा टाकायचा. साठाच्या पुढे काटा न जाताही हे सगळं मिळतं. आदिवासी पाड्यांजवळ पुन्हा पाय काढायचा, कारण रस्ता त्या लोकांच्या अंगणातून जातो. माझ्याबरोबर आलेले काही मित्र म्हणतात की एवढ्या हळू जायचं तर ही गाडी कशाला. मला वाटतं, ज्यांना फक्त आकडा हवा असतो त्यांना गाडी फारशी हवी नसते.

वेगाबद्दल आमच्या जिल्ह्यात सैल बोलता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ला याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी भारीतली होती, एअरबॅग होत्या. मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. त्या पुलावरून मी जातो तेव्हा रेडिओ बंद करतो. आमच्या गाडीत मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, हा नियम आईलाही आहे आणि पाहुण्यांनाही.

आईला ही गाडी चढायला सोपी नाही; खरं तर तिच्यात उतरावंच लागतं. सीट खाली, गुडघे कुरकुरणारे. ती आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग दोन्ही पाय एकदम आत घेते, आणि दरवाजाच्या खांबाला धरून सरळ होते. ही रीत तिची तिने शोधली. नाळ्याला मावशीकडे गेलो की परतताना डिकीत केळीचा लोंगर, नारळ, पडवळ आणि कुठल्या तरी फुलझाडाची कुंडी असते. मागची सीट पाडली की कुंडी उभी राहते. असं सगळं भरून झालं की मावशी दारात उभी राहून म्हणते, "निघालं गं विंचवाचं बिऱ्हाड!" पुढच्या जाळीवर, चाकांच्या मध्यभागी, स्टिअरिंगवर विंचूच विंचू, तिला ते पहिल्या दिवसापासून आवडले. फियाटच्या पोस्टरवर ही गाडी कधी केळी वाहताना दाखवली नसेल, पण मला ती डिकी भरलेली असताना सर्वांत देखणी दिसते.

देखणेपणाबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती या रस्त्यांनी तयार केली. गाडी खाली बसवली की रूप येतं हे मान्य; चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट कमी झाली की कुठलीही हॅचबॅक उठावदार दिसते. पण पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्सच १५५ मिलिमीटर. अर्नाळ्याकडे जाताना काही स्पीडब्रेकर असे आहेत की चार माणसं बसली असताना गाडी तिरकी घातली नाही तर चेंबर घासतं. एक चाक आधी, मग दुसरं, मग मागचं, असं डोलत पार व्हायचं. तेव्हा स्प्रिंगा कंपनीच्याच. चाकंही कंपनीचीच सोळा इंची. सतरा इंचीची हौस केली तर टायरची भिंत बारीक होते आणि महामार्गावरचा पहिला सांधा रिमला खातो.

गोखिवऱ्याचा माझा मेकॅनिक याच मताचा. त्याला मी उस्ताद म्हणतो. त्याने फियाटच्या गाड्या आयुष्यभर उघडल्या. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन एके काळी स्विफ्टमध्येही होतं आणि व्हिस्टातही. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकांचा हात फियाटवर बसला. १ एप्रिल २०२०पासून धुराच्या प्रदूषणाबाबतचे बीएस-सहाचे नियम आले, त्याआधीच पुंटो बनायची थांबली. रांजणगावच्या कारखान्यातून आता इतर गाड्या निघतात. तेव्हापासून उस्ताद एक गोष्ट करतो: कुठे पुंटो भंगारात निघाली असं कळलं की फोन करतो. दरवाजाचं हँडल, आरशाचं झाकण, डॅशबोर्डची एखादी क्लिप. या वस्तू मी कपाटात जपून ठेवल्या आहेत. गाडी सजवणं म्हणजे तिच्यात नवं काही घालणं असं मी पूर्वी मानत असेन. आता तिचं मूळचं आहे ते जागेवर राखणं हीच माझी मोठी हौस झाली आहे.

कायदाही याच बाजूला उभा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की आरसीवरच्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. काचांवरच्या काळ्या फिल्मवर त्याच न्यायालयाने २०१२मध्ये बंदी घातली. नंबर प्लेटवर ४१४१चा 'दादा' आणि २१४चा 'राम' करणारा महाराष्ट्राचा लाडका छंदही नव्या हाय सिक्युरिटी पाट्यांनी संपवत आणला. काही शौकिनांना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. रात्री साडेअकराला अंबाडी रोडवरून फटाके फोडत जाणारा सायलेन्सर ज्याने एकदा आजारी माणसाच्या उशाशी बसून ऐकला आहे, त्याला कायद्याची बाजू सांगावी लागत नाही. अबार्थचा आवाज मुळातच घोगरा आणि भारदस्त आहे. तो शेजाऱ्याच्या झोपेत शिरला तर त्याची शानच जाईल.

काळ्या काचा नाहीत, खाली बसवलेली नाही, आवाज वाढवलेला नाही, मग सजवलं काय? पट्ट्या नव्या केल्या. आरशांचा लाल रंग पुन्हा मारून घेतला आणि त्यावर चांगल्या प्रतीचा क्लिअर कोट दिला. चाकं काढून, धुऊन, घासून त्यांचा मूळ करडा रंग परत आणला. पेडलवरचे रबराचे ठिपके झिजले होते ते बदलले. स्टिअरिंगचं चामडं माझ्या हाताने गुळगुळीत झालं होतं. एका चामड्याच्या कारागिराकडून तशाच शिवणीत नवं चढवलं. गाडीखाली गंजरोधक कोटिंग तर वसईत सजावटीच्या आधी करायचं काम. रविवारी दोन बादल्या घेऊन मी ती स्वतः धुतो. एका बादलीत शांपू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग फेसात, म्हणजे वाळूचा कण रंगावर ओरखडा काढत नाही. छपरापासून खाली यायचं, चाकं शेवटी. सुरूच्या झाडांखाली उभी केली असेल तर वायपरच्या खाचेत त्यांच्या बारीक काड्या साचतात. त्या जुन्या टूथब्रशने काढायच्या, नाहीतर पावसात पाणी तुंबतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये वसई-भाईंदर रोरो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, सुरू झाली. रस्त्याने अडतीस किलोमीटरचा फेरा, बोटीने पाव तासाचा प्रवास. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला बोट खाली जाते, फळी उतरती होते आणि पुढे नाक लांब असलेल्या ठेंगण्या गाडीचा बंपर टेकायची भीती असते. बोटीवरच्या खलाशाने लांबूनच ओळखलं. त्याने मागच्या मोठ्या गाडीला हात करून थांबवलं, मला डावीकडे तिरकं घ्यायला लावलं, आणि वाकून बंपरखाली बघत, एक एक फूट, हाताच्या खुणेने उतरवलं. बोटभर जागा राहिली असेल. मग उठून म्हणाला, "झाली. रंग मस्त ठेवलाय, शेठ." हा शेरा मला कुठल्याही प्रदर्शनातल्या बक्षिसाएवढा वाटला, कारण बोलणारा कोळी होता. किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या बोटी पलीकडेच होत्या. जून-जुलैची मासेमारीबंदी लागली की त्या किनाऱ्यावर ओढतात, तळ खरवडतात, फटी भरतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत निळा, पिवळा, तांबडा रंग चढवून, नाव नव्याने लिहून पाण्यात ढकलतात. खाऱ्या पाण्यात तो रंग वर्षभर टिकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कामाची वस्तू दरवर्षी पुन्हा रंगवायचीच असते. माझ्या दारावरच्या पट्टीचंही तेच.

माझ्या भाच्याने हल्लीच टाटाची अल्ट्रोझ रेसर घेतली. २०२४मध्ये आलेली, १२० अश्वशक्तीची, केशरी रंगाची, बोनेटवरून छपरापर्यंत दोन पांढऱ्या पट्ट्या. बोळिंजला तो राहतो त्या इमारतीखाली ती उभी असते आणि येणारा-जाणारा वळून बघतो. आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. फोनमध्ये त्याने यादीच करून आणली होती: स्पॉयलर, रीमॅप, मोठे अलॉय, आतले निळे दिवे. "मामा, यातलं आधी काय करू?" मी गाडीभोवती फिरलो, पुढचं दार उघडून बसलो, क्लच दाबून पाहिला. खरोखर छान गाडी आहे. मग मागच्या सीटवर बसलो. दुकानदाराने जाड सीट कव्हर इतकं ताणून बसवलं होतं की पट्ट्यांची बकलं त्याच्याखाली गाडली गेली होती. मी त्याला बोलावलं, त्याचा हात त्या फटीत घालून दाखवला आणि म्हटलं, "आधी ही वर काढ."

आम्ही दोघांनी मिळून कव्हरची मागची शिवण उसवली. तिन्ही बकलं वर आली. मधलं जरा घट्ट होतं, त्याला थोडा वेळ लागला. यादीचं पुढे काय करायचं ते पावसाळा संपल्यावर बघू, असं ठरलं आहे. तोवर त्याने माझ्याकडून दोन बादल्या नेल्या आहेत.